रोपवाटिकेतील चिलटे व त्यांचा बंदोबस्त

लागवडीचे यश पुष्कळ अंशी रोपवाटिकेतच ठरते. रोप सशक्त असेल तर ते पावसाचा ताण सोसते. मुळाशी दुखावलेले रोप चांगल्या जमिनीतही तग धरीत नाही. चंद्रपूर व गडचिरोली या वनांच्या जिल्ह्यांत या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. त्याच्या भौगोलिक क्षेत्रापैकी सुमारे तीन-चतुर्थांश भाग वनांनी व्यापला आहे. २००६ सालच्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावास सामूहिक वनहक्क मिळाला, व त्यानंतर अनेक गावांना तो मिळत गेला. आपल्या वनाची राखण करणाऱ्या गावाला बांबू, मोह, आवळा, सीताफळ यांची रोपे लागतात. घरच्या सांदवाडीसाठी मिरची, वांगी व टोमॅटो यांची रोपे लागतात, ती वेगळीच.

या रोपांसाठी येथे खताची वाण नाही. साग, ऐन, धावडा, पळस व मोह यांचा पाला हिवाळ्याच्या अखेरीपासून गळू लागतो. तो कुजवून केलेले खत भुसभुशीत असते, पाणी धरून ठेवते आणि कोवळ्या मुळांना मानवते. परंतु अशा खताने भरलेल्या पिशव्यांवर व वाफ्यांवर काही वेळा बारीक काळी चिलटे घोंगावू लागतात. चांगली उगवलेली रोपे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिवळी पडतात, त्यांची वाढ खुंटते आणि काही मुळाशी मऊ पडून कोलमडतात. खत कमी पडले असे समजून वरून आणखी खत दिले जाते, रोपे सुकली असे वाटून अधिक पाणी घातले जाते, आणि नुकसान थांबण्याऐवजी वाढते. असे का होते, हे समजून घेतल्यास उपाय सोपा आहे व तो बहुतांशी बिनखर्ची आहे.

चिलटांची ओळख

ही चिलटे सायरिडी नावाच्या कुळातील असून रोपवाटिकेत आढळणाऱ्या बहुतेक जाती ब्रॅडीसिया या वंशातील असतात. प्रौढ चिलट २ ते ४ मिलिमीटर लांबीचे, काळसर, लांब पायांचे व लांब मिशांचे असते. ते दिसावयास लहान डासासारखे असले तरी चावत नाही. त्याचे उड्डाण दुबळे असते. पिशवी हलविली किंवा पाणी घातले की ते थोडेसे उडते आणि पुन्हा मातीवर बसून इकडेतिकडे धावू लागते.

भातशेती करणाऱ्या गावांत त्याला गादमाशी समजण्याची चूक होण्याचा संभव आहे. दोन्ही किडी दूरच्या नात्यातील आहेत खऱ्या, परंतु त्यांचे कार्य वेगळे आहे. गादमाशीची अळी धानाच्या वाढत्या कोंबात शिरते, त्यामुळे पानाऐवजी चंदेरी नळी बाहेर येते व त्या फुटव्यास लोंबी धरत नाही. रोपवाटिकेतील चिलटाची अळी कोंबात न शिरता मातीतच राहते. म्हणून गादमाशीसाठी बांधीत जे उपाय करतात ते येथे लागू पडत नाहीत.

नुकसान उडणाऱ्या चिलटाने होत नाही, ते त्याच्या अळीने होते. अळी बिनपायाची, पांढुरकी व पारदर्शक असते, आणि तिचे डोके चकचकीत काळे असते. पूर्ण वाढलेली अळी ५ ते ६ मिलिमीटर लांब भरते. मातीच्या वरच्या दोन-तीन बोटांच्या थरातच ती बहुधा सापडते. काळे डोके ही तिची खात्रीची खूण होय.

जीवनक्रम

मादी ओलसर, कुजत्या मातीच्या भेगांत व पृष्ठभागावर अंडी घालते. एका मादीची अंडी शंभरापासून दोनशेपर्यंत असू शकतात. ती चार ते सहा दिवसांत उबतात. अळी सुमारे दोन आठवडे खाते, नंतर मातीतच कोष करते आणि चार-पाच दिवसांत चिलट बाहेर पडते. प्रौढाचे आयुष्य जेमतेम आठवडाभराचे असते. साधारण उबदार व दमट हवेत हे सर्व चक्र तीन ते चार आठवड्यांत पूर्ण होते.

येथे साधा हिशेब करून पाहावा. एका मादीने शंभर अंडी घातली व त्यांपैकी निम्म्या माद्या निघाल्या असे धरले, तर त्या पन्नास माद्या पुढच्या महिन्यात पाच हजार अंडी घालतील. निसर्गात त्यांतील पुष्कळ मरतात हे खरे, परंतु सतत ओल व भरपूर कुजके अन्न असलेल्या रोपवाटिकेत मरण्याचे प्रमाण घटते. म्हणून पहिल्या पंधरवड्यातील दुर्लक्ष महागात पडते. शिवाय एकाच वेळी अंडी, अळी, कोष व माशी या चारही अवस्था वाफ्यात असतात. एकदाच केलेल्या उपायाने त्या सर्व संपत नाहीत. उपाय निदान चार आठवडे चालू ठेवावा लागतो.

चिलटे कशावर जगतात

या अळ्यांचे मुख्य अन्न बुरशी व कुजणारा पाला हे होय. जंगलातील जमिनीवर त्या पाला कुजविण्यास हातभारच लावतात. तेथे कोळी, मुंग्या, भुंगेरे व पक्षी त्यांना आवरून धरतात आणि पावसाळा संपला की वरचा थर वाळून त्यांची संख्या आपोआप घटते. रोपवाटिकेत मात्र ही सर्व घडी बदलते. खत अर्धे कच्चे असते, त्यावर पांढरी बुरशी धरते, सावलीच्या जाळीखाली रोज पाणी मिळते, आणि शेजारी कोवळी मुळे असतात. बुरशी कमी पडली की अळ्या मुळांचे केस व कोवळी साल कुरतडतात. अशा जखमांतून मर रोगाच्या बुरशीस शिरकाव मिळतो. शिवाय चिलटे व अळ्या ही बुरशी एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत वाहून नेऊ शकतात.

तेव्हा लक्षात घ्यावयाची मुख्य गोष्ट ही की, चिलट हे दुखण्याची खूण आहे. मूळ दुखणे आहे कच्चे खत व साचलेली ओल. ते तसेच ठेवून केवळ चिलटे मारीत बसल्यास ती पुन्हा पुन्हा येत राहतात. उलट, चिलटे आली म्हणून पालापाचोळ्याचे खतच टाकून देणे हेही शहाणपणाचे नाही. दोष पाल्याचा नसून तो पुरता न कुजविण्याचा आहे.

पाहणीच्या दोन रीती

उपाय करण्यापूर्वी कीड आहे किंवा नाही व किती आहे, हे पाहावे.

बटाट्याची चकती : कच्चा बटाटा सोलून त्याच्या दोन-अडीच सेंटिमीटर लांबीच्या फोडी कराव्यात व त्या मातीत अर्ध्या दाबून बसवाव्यात. तीन-चार दिवसांनी फोड उचलून तिची खालची बाजू व तिच्याखालील माती उजेडात पाहावी. काळ्या डोक्याच्या अळ्या बटाट्याकडे ओढल्या जातात. दर वाफ्यात चार ठिकाणी अशी पाहणी करावी. पाहून झालेल्या फोडी वाफ्यात टाकून न देता दूर उन्हात वाळवाव्यात किंवा जाळाव्यात.

पिवळा चिकट पत्रा : पिवळ्या रंगाच्या पुठ्ठ्यास किंवा पत्र्याच्या तुकड्यास एरंडेल तेल वा ग्रीस लावून तो मातीच्या अगदी जवळ आडवा ठेवावा. चिलटे फार उंच उडत नसल्यामुळे उंच टांगलेला पत्रा कमी उपयोगी पडतो. दर आठवड्यास चिकटलेली चिलटे मोजून वहीत लिहून ठेवावीत. आकडा वाढत असेल तर पाण्याची व खताची तपासणी लगेच करावी. या पत्र्याने काही माद्याही नष्ट होतात, परंतु त्याचा खरा उपयोग पाहणीचा आहे.

पहिला उपाय : खत पुरते कुजविणे

पाला कुजविण्यासाठी पाणी न तुंबणारी, थोडी उंच व सावलीची जागा निवडावी. पाल्याचा वीतभर थर द्यावा, त्यावर शेण कालवलेले पाणी शिंपडावे व थोडी माती पसरावी. असे थर कमरेइतक्या उंचीपर्यंत रचावेत. ढिगाच्या मध्यभागी उष्णता निर्माण होते व त्या उष्णतेत अंडी, अळ्या व रोगाची बुरशी मरते. परंतु ढिगाचा बाहेरचा भाग गार राहतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी ढीग उलथून बाहेरचा भाग आत व आतला बाहेर करावा. सागाचे पान जाड असल्याने सावकाश कुजते. ते आधी कुटून किंवा तुडवून बारीक केल्यास काम लवकर होते. पाला कुजण्यास निदान चार ते सहा महिने द्यावेत, आणि सागाचा पाला अधिक असेल तर वर्षभर थांबणे उत्तम.

खत तयार झाले की नाही हे तीन खुणांवरून ओळखावे. हातात घेतल्यास ते गार लागते. त्याचा वास पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा येतो, आंबूस किंवा शेणासारखा येत नाही. आणि त्यात पानांच्या शिरा ओळखू येत नाहीत. यांपैकी एकही खूण पटत नसल्यास ते खत पिशवीत भरू नये. तयार खतही गोणपाटाने झाकून कोरडे ठेवावे. उघड्यावर ओले पडलेल्या खतात चिलटे पिशवी भरण्यापूर्वीच अंडी घालतात.

पाला आणताना वनाचे नियम पाळावेत. व्याघ्रप्रकल्प व अभयारण्य यांतून पाला आणू नये. इतरत्र ग्रामसभेने ठरविलेल्या जागेतूनच तो आणावा व झाडाखालची जमीन पूर्ण उघडी करू नये.

दुसरा उपाय : मे महिन्याच्या उन्हाचा उपयोग

चंद्रपूर भागातील कडक उन्हाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. मे महिन्यात तेथे पारा ४५ अंशांच्याही वर जातो. हेच ऊन रोपवाटिकेचे औषध होऊ शकते. खत व माती एकत्र मिसळून सपाट जागेवर १५ सेंटिमीटरपर्यंत जाडीचा थर पसरावा. त्यावर पाणी शिंपडून तो ओलसर करावा, कारण कोरड्या मातीत उष्णता खोलवर पोहोचत नाही. मग वरून पातळ, पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणून अंथरावा व त्याच्या कडा मातीने दाबून टाकाव्यात. काळा कागद वापरू नये. त्याने ऊन आत शिरत नाही. चार ते सहा आठवडे हा थर तसाच राहू द्यावा. कागदाखालील वरच्या थराचे तापमान ५० अंशांच्या पुढे जाते व त्यात चिलटांच्या अळ्या, मर रोगाची बुरशी आणि तणांचे बी यांचा बराचसा नाश होतो. कागद काढल्यावर ही माती पुन्हा कच्च्या खताशी मिसळू नये, नाही तर केलेले श्रम वाया जातात.

उष्णतेने रोगकारक बुरशीबरोबर उपयुक्त बुरशीही कमी होते. म्हणून माती थंड झाल्यावर तीत ट्रायकोडर्मा ही मित्र बुरशी मिसळावी. १०० किलो कुजलेल्या खतास १ किलो हे प्रमाण प्रचलित आहे. पेरणीपूर्वी बियाण्यासही किलोमागे ५ ग्रॅम या प्रमाणात ती चोळावी.

तिसरा उपाय : पाण्याची शिस्त

चिलटांच्या बंदोबस्तात सर्वांत प्रभावी व सर्वांत दुर्लक्षिलेला उपाय हाच होय. मातीचा वरचा बोटभर थर वाळला की अंडी सुकतात व लहान अळ्या मरतात. रोपाचे मूळ मात्र त्याखाली ओलाव्यात असते, त्यामुळे रोपास इजा होत नाही. पाणी घालण्यापूर्वी बोट मातीत खुपसून पाहावे. बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत माती कोरडी लागली तरच पाणी घालावे. आतील माती मुठीत दाबल्यास गोळा व्हावा, परंतु त्यातून पाणी गळू नये.

पाणी सकाळी घालावे, म्हणजे दिवसभरात वरचा थर सुकतो. संध्याकाळी घातलेले पाणी रात्रभर पृष्ठभाग ओला ठेवते. शक्य असेल तेथे पिशव्या उथळ वाफ्यात ठेवून खालून पाणी द्यावे व माती भिजली की उरलेले पाणी सोडून द्यावे. पिशव्यांना तळाशी छिद्रे असावीत व त्या मुरूम पसरलेल्या जागेवर मांडाव्यात. भाजीपाल्याची रोपे सपाट जमिनीत न टाकता १५ सेंटिमीटर उंचीच्या गादीवाफ्यावर टाकावीत.

बी उगवत असताना वरचा थर वाळू देणे धोक्याचे असते. अशा वेळी पेरणीनंतर पृष्ठभागावर भरड वाळूचा किंवा जाळलेल्या धानाच्या तुसाचा एक ते दीड सेंटिमीटरचा थर द्यावा. हा थर लवकर कोरडा होतो, त्यात मादीस अंडी घालण्याजोगी जागा मिळत नाही, आणि त्याखालील बी ओलाव्यात राहते.

मिश्रणाचेही महत्त्व आहे. दोन भाग माती, एक भाग वाळू व एक भाग कुजलेले खत हे प्रमाण बहुतेक रोपांस पुरेसे होते. खत अधिक घातल्याने रोप अधिक जोमदार होईल ही समजूत चुकीची आहे. त्याने केवळ ओल वाढते. त्याचप्रमाणे ओल्या मातीवर पेंडीचा जाड थर देऊ नये. त्यावर बुरशी धरते व चिलटांस आयतेच अन्न मिळते.

कीड वाढल्यास

वरील काळजी घेऊनही अळ्या दिसल्यास निंबोळी अर्काची आळवणी करावी. ५०० ग्रॅम निंबोळीचा गर कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजवावा, सकाळी फडक्यातून गाळून घ्यावा व एकूण पाणी १० लिटर करावे. हा ५ टक्के अर्क वरचा थर भिजेल इतका मातीत ओतावा. दर सात दिवसांनी तीन-चार वेळा ही आळवणी करावी. आळवणीच्या आधी माती थोडी वाळू द्यावी, म्हणजे एकूण ओल वाढत नाही.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस या जिवाणूचाही या अळ्यांवर परिणाम होतो. आपल्या देशात तो मुख्यत्वे डासांच्या अळ्यांसाठी वापरला जातो. पानांवरील अळ्यांसाठी विकला जाणारा कुर्स्टाकी प्रकारचा जिवाणू वेगळा असून तो चिलटांवर चालत नाही. रोपवाटिकेत असे कोणतेही औषध वापरण्यापूर्वी तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याचा किंवा सिंदेवाही अथवा गडचिरोली येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. थंड देशांत या किडीविरुद्ध मातीतील सूक्ष्म सूत्रकृमी सोडतात, परंतु त्यांस गार माती लागते. विदर्भाच्या उन्हाळ्यात त्यांवर भिस्त ठेवता येत नाही.

विषाचा मोह टाळावा

पूर्वी मातीतील किडीसाठी फोरेटचे दाणे टाकण्याची पद्धत होती. हे अतिविषारी औषध असून केंद्र शासनाच्या २०१८ सालच्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून त्याची विक्री व वापर बंद झाला आहे. जुना साठा घरात असल्यास तो वापरू नये, कोणास देऊ नये व पाण्यात टाकू नये; त्याविषयी कृषी अधिकाऱ्यास कळवावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, ही घटना विसरता येण्याजोगी नाही. रोपवाटिकेत तर स्त्रिया दिवसभर उघड्या हातांनी माती भरतात व रोपे उपटतात, आणि मुले आसपास खेळत असतात. जी कीड पाणी आवरून हटते तिच्यासाठी अशा ठिकाणी विष आणणे योग्य नव्हे.

धिंगरी अळिंबी करणाऱ्यांसाठी

धानाच्या तणशीवर धिंगरी अळिंबी पिकविणाऱ्या गटांनाही याच कुळातील चिलटांचा उपद्रव होतो. अशी खोली रोपवाटिकेपासून व उकिरड्यापासून दूर असावी. दारे-खिडक्यांस बारीक जाळी लावावी. पीक संपलेली तणस खोलीजवळ न टाकता लगेच खताच्या ढिगात मधोमध पुरावी. ती ताजी असताना पिशव्यांच्या मिश्रणात वापरू नये.

प्रात्यक्षिक

शेतकऱ्याचा विश्वास सांगण्यापेक्षा पाहण्यावर अधिक बसतो. म्हणून ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी गावातील एका रोपवाटिकेत पुढीलप्रमाणे प्रात्यक्षिक घ्यावे. पन्नास पिशव्या नेहमीच्या रीतीने भराव्यात व त्यांस नेहमीप्रमाणे रोज पाणी द्यावे. दुसऱ्या पन्नास पिशव्या पुरत्या कुजलेल्या व उन्हात तापविलेल्या मिश्रणाने भरून, वर वाळूचा थर देऊन, बोटाने पाहूनच पाणी द्यावे. बी एकच असावे व पेरणी एकाच दिवशी करावी. दर आठवड्यास दोन्हीकडील बटाट्याच्या फोडींखालील अळ्या व जिवंत रोपे मोजून फलकावर लिहावीत. तिसाव्या दिवशी दोन्हींतील पाच-पाच रोपे सर्वांसमक्ष धुऊन त्यांची मुळे शेजारी शेजारी मांडावीत.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. चिलट दिसले की आधी पाणी तपासावे, मग खत.
२. गार, मातीच्या वासाचे व शिरा न दिसणारे खतच पिशवीत भरावे.
३. मे महिन्यात माती पारदर्शक कागदाखाली तापवावी.
४. पाणी सकाळी, आणि वरचे पेरभर कोरडे झाल्यावरच द्यावे.
५. उगवणीच्या काळात वाळूचा किंवा जाळलेल्या तुसाचा थर द्यावा.
६. उपाय निदान चार आठवडे चालू ठेवावा.
७. बंदी असलेली विषारी औषधे वापरू नयेत.

पावसाळ्यात लागवडीचे दिवस थोडे असतात. जूनमध्ये मेलेल्या रोपाची जागा जुलैत पेरलेले बी भरून काढीत नाही. त्या खड्ड्यासाठी पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते. म्हणून रोपवाटिका सांभाळणाऱ्याने पाण्याची झारी उचलण्यापूर्वी एक बोट मातीत खुपसून पाहण्याची सवय लावून घ्यावी.